उजवं मागचं चाक

गाडीच्या चाकातून धूर निघत होता, अण्णा पेचकस घेऊन गाडीखाली पाठीवर पडले होते, माझ्या शिक्षणाचा निकाल त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत लागायचा होता, आणि मला मात्र त्या धुराच्या वासानं भूक लागली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लाजच वाटते. पण वास होताच तसा, कढईत भजी सोडावीत तसा. त्या वासाचा अर्थ तेव्हाच माझ्या टाळक्यात शिरला असता तर दोन तास वाचले असते. पण रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, सकाळी भाकरी घशाखाली उतरली नव्हती, अशा पोरीच्या डोक्याकडून काय अपेक्षा ठेवायची! पहिल्यापासूनच सांगते, नाहीतर तुमचाही माझ्यासारखाच गोंधळ व्हायचा.

आमचं घर कुंभार पिंपळगावच्या अलीकडं, विहाराच्या मागच्या गल्लीत शेवटचं. घरात चौघं. मी, माय, अण्णा म्हणजे माझे वडील, आणि अण्णांचे थोरले भाऊ आबा. आबांना सगळं घर आबाच म्हणायचं, अण्णासुद्धा. आजोबा गेले तेव्हा अण्णा शेंबडं पोर होते. आबांनी बैलगाडीनं लोकांचा ऊस वाहिला, कडबा वाहिला, आणि अण्णांना वाढवलं. ह्या भानगडीत त्यांचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. मंग अण्णांनी ड्रायव्हरकी शिकून एक जुनी पिकअप दारात आणली, काचेवर निळ्या अक्षरात ‘जय भीम’ लिहून घेतलं, आणि आबांच्या बैलगाडीचं काम संपलं. बैल विकले त्या दिवशी आबा जेवले नाहीत असं माय सांगायची. पण माणूस रिकामा बसणारा नव्हता. रोज सकाळी काठी घेऊन पिकअपभोवती चक्कर मारायचे, टायरावर काठी ठोकून कान लावायचे आणि अण्णांना विचारायचे, “हिचं दाणापाणी झालं का?” अण्णा म्हणायचे, “झालं, आबा. रवंथ करून राह्यली.” हा विनोद रोज व्हायचा आणि रोज दोघंही हसायचे. मला तेव्हा त्याचा वैताग यायचा.

त्या पावसाळ्यात गाडीचं उजवं मागचं चाक धरायला लागलं होतं. आमच्याकडची काळी माती कशी असते ते तिच्यात फसलेल्यालाच विचारा. रस्त्यावरचा चिखल चाकात शिरायचा, रात्रभर हँडब्रेक ओढून गाडी उभी राहायची, आणि सकाळी ते चाक जागचं हलायचंच नाही. अण्णा गाडी एकदा पुढं, एकदा मागं अशी हिसडायचे, मंग ‘कट्ट’ असा आवाज व्हायचा आणि चाक सुटायचं. अण्णांनी एकदोनदा चाकाच्या मागच्या पत्र्यावरलं रबराचं बूच काढून त्या भोकातून पेचकस घालून ब्रेक सैल केला. आबा शेजारी उकिडवे बसून बघत होते. “ह्या भोकातून सैल व्हतंय व्हय?” त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, “हां, हितूनच.” एवढंच बोलणं झालं. अण्णांचं म्हणणं, मोसंबीचा हंगाम आटोपला की चाक खोलून साफ करू. गावातल्या निम्म्या गाड्या दुरुस्त करणारा माणूस, पण स्वतःच्या गाडीला त्याच्याकडं वेळ नव्हता.

आणि नेमकं तेव्हाच माझं पत्र आलं. नर्सिंगच्या कोर्सला माझा नंबर लागला होता. आमच्या गल्लीतून तोवर एकही पोरगी असल्या शिक्षणाला गेली नव्हती. पत्र पोस्टात कुठं लोळत पडलं होतं कुणास ठाऊक, हातात पडलं तेव्हा मधे एकच दिवस उरला होता. जालन्याच्या ऑफिसात मूळ कागद घेऊन पाच वाजायच्या आत हजर व्हायचं, नाही झालं तर जागा पुढच्या नंबराला. आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडून ते पत्र तीनदा वाचून घेतलं आणि दर वेळी ‘पुढच्या नंबराला’पाशी मला थांबवलं. “म्हंजे वक्तावर न्हाई गेलं तर दुसऱ्याला देतेत? असं कसं? नाव तर तुझं हाय.” मी म्हणाले, “आबा, तसंच असतं.”

सकाळची सहाची एस्टी होती. माय म्हणाली, पोरीला तिच्यात बसवून द्या. अण्णांनी ऐकलं नाही. जालन्याच्या मार्केटला मोसंबी न्यायचीच होती. “माझी पोरगी माझ्या गाडीत जाईन. दाराशी उतरवून देईन तिला,” अण्णा म्हणाले. त्यांना ऑफिसच्या दारात पिकअप उभी करायची होती, पोरगी उतरताना चार लोकांनी बघायला पाहिजे होतं. मला ते कळत होतं आणि मलाही तेच पाहिजे होतं, खोटं कशाला बोलू! त्या सकाळी माय चुलीपुढं बडबडत होती की घाण्याचं करडीचं तेल परवाच आणलं आन बाटली अर्धी कशी झाली, मांजरं काय आता तेल प्यायला लागली का. तिनं आंबाडीच्या भाजीला वरून तेलाची धारसुद्धा दिली नाही. भाजी कोरडीच बांधून दिली. आबा ओट्यावर बसून होते, त्यांनी मला हाक मारून जवळ घेतलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “जा बिनघोर. काही अडणार न्हाई आता.”

क्रेट भरता भरता नऊ वाजले. घनसावंगीपर्यंत गाडी बरी चालली. उलट अण्णा खूश होते, आज चाकानं सकाळी हिसडा मागितला नाही, आपोआप सुटलं. घनसावंगी सोडली आणि गाडी जड झाली. अण्णा पाय दाबायचे, इंजिन ओरडायचं, गाडी मात्र मागून कुणीतरी धरल्यागत रेंगाळायची. मंग तो भज्यांचा वास आला. अण्णांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरून उजव्या चाकाच्या ड्रमवर, म्हणजे ब्रेकच्या लोखंडी झाकणावर, थुंकले, थुंकी छन्न करून उडाली. मी पाण्याची बाटली घेऊन धावले. अण्णा केवढ्यानं ओरडले! “पाणी नको! तडकंल तो!” तापलेल्या लोखंडावर पाणी टाकायचं नसतं हे मला काय माहीत. थंड होईस्तोवर नुसतं बसायचं. पाच वाजायला चिक्कार वेळ होता, तरी मी दर दोन मिनिटांनी कागदांची पिशवी उघडून कागद मोजत होते. दहावी, बारावी, जातीचा दाखला, रहिवासी. परत पहिल्यापासून.

अण्णांना वाटलं हँडब्रेकची तार अडकली. त्यांनी ती सोडून टाकली. गाडी चार-पाच किलोमीटर गेली आणि पुन्हा तोच वास, तोच धूर. मंग त्यांना वाटलं, आत ब्रेक ऑइलचा दाब अडकून राहतोय. जॅक लावला, चाक उचललं, हातानं फिरवायला गेले तर हलेना. ते ऑइल सोडायचं निपल सैल केलं, तेलाची चिळकांडी अण्णांच्या गालावर उडाली, पण चाक तसंच घट्ट. अण्णा तिथंच गुडघ्यावर बसून राहिले. दाबही नाही, तारही नाही, मंग धरलंय कशानं? माझ्या बापाला मी तोवर गाडीपुढं हरलेलं बघितलं नव्हतं. तेवढ्यात जालन्याची एस्टी आली. मी उठले. अण्णा माझ्याकडं न बघताच म्हणाले, “पंधरा मिन्टं दे मला. झालंच.” मी खाली बसले. एस्टी गेली. तासाभरानं दुसरी आली, तेव्हाही अण्णांची पंधरा मिनिटं चालूच होती. हात नुसता वर करायचा होता मला. आजही त्या रस्त्यानं जाताना मी त्या जागी खिडकीतून बाहेर बघत नाही. बापाला रस्त्यावर टाकून जाणं बरं दिसेल का, हा विचार मी त्या वेळी केला. कशाला केला? माझ्या जागी पोरगा असता तर केव्हाच चढून बसला असता.

शेवटी माणूस पायी चालतो त्या चालीनं गाडी ओढत अंबडच्या अलीकडच्या फाट्यावर आणली. तिथं रहीमभाईंची टपरी होती, चार पत्रे आणि एक वेल्डिंगचं मशीन. अण्णांची ओळख होती. शेजारचा चहावाला बघायला आला आणि म्हणाला, “गाडीला लिंबू-मिरची बांधत न्हाईत तुम्ही, म्हणून असं व्हतं.” अण्णा त्याच्यावर खेकसले, “लिंबू काय ब्रेकात पिळू व्हय रे?” एरवी मी हसले असते. पण खरं सांगते, त्या घडीला कुणी म्हणालं असतं की लिंबू बांध, तुझी जागा वाचते, तर मी अण्णांच्या डोळ्यादेखत पोतंभर लिंबं बांधली असती. बाबासाहेबांच्या फोटोसमोर सकाळी हात जोडून निघालेली मी! इतकी माझी दशा झाली होती.

रहीमभाई आणि अण्णांनी चाक काढलं. ड्रम निघेना. रहीमभाईंनी भोकातून पेचकस घालून ब्रेक जेवढा सैल होईल तेवढा केला, चारी बाजूंनी हातोडी ठोकली, ठोकून ठोकून दोघांचे सदरे घामानं भिजले. अडीच वाजून गेल्यावर ड्रम एकदाचा सुटला. आत बघितलं तर चिखल, कापसाचं भुसकट आणि काळी चिकट राळ, ड्रमाला घासणाऱ्या पट्ट्यांवर, म्हणजे लायनरवर, जाड थर बसलेला. रहीमभाईंनी बोट लावलं, बोटाला तार सुटली. “अण्णा, ह्यात तेल गेल्तं. तापून तापून गोंद झालाय पूरा. लायनर चिकटून राह्यलेत ड्रमाला.” अण्णा म्हणाले, “ऑइल सील गेलं असंन.” रहीमभाईंनी बोट नाकाला लावलं. “बिलकुल न्हाई. हे गाडीचं तेलच न्हाई. खायाचं तेल हाय.” अण्णा भडकले. “कोण्या हरामखोरानं हे केलं? सापडू दे मला, हात तोडतो त्याचा!” त्यांनी वाकून स्वतः वास घेतला. मीही घेतला. करडीचं तेल. घाण्याचं, आमच्या घरचं.

पत्र्यावरल्या त्या भोकाचं रबराचं बूच रहीमभाईंनी काढून खाली ठेवलं होतं. त्याच्या कडेला कागदाचा एक तुकडा चिकटलेला होता, तेल ओतायला केलेल्या पुंगळीचा फाटलेला ओला कोपरा. माझ्या वहीचा कागद, माझं अक्षर. आबांनी आयुष्यभर बैलगाडीच्या चाकात वंगण घातलं होतं. चाक कुरकुरलं, अडलं, की वंगण. जास्तीचं काम असलं की आदल्या दिवशी जास्तीचं वंगण. ब्रेक नावाची चीज तेल लागू नये म्हणूनच झाकून ठेवलेली असते, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? आणि माझ्या कामाला काळं वंगण नको म्हणून त्यांनी घरातलं चांगलं तेल घेतलं होतं. अण्णांनी तो कागद बघितला, मला बघितलं. हात तोडायची भाषा तिथंच थांबली. त्यांनी कागदाचा चोळामोळा करून खिशात घातला आणि पेट्रोलनं लायनर धुवायला लागले. मला आबांची कीव आली असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण कीव आली नाही. राग आला.

सव्वातीनला रहीमभाईंनीच एक काळीपिवळी जीप अडवून मला आत कोंबली. अण्णा म्हणाले, “तू व्हय पुढं, मी आलोच.” ती जीप रस्त्यावरच्या प्रत्येक झाडाखाली थांबली. कुणाची कोंबडी, कुणाचं बियाण्याचं पोतं. मी ड्रायव्हरला म्हणाले, “भाऊ, पाचच्या आत पोचवा हो, पाया पडते.” तो म्हणाला, “ताई, सीट भरल्याबिगर परवडत न्हाई.” जालन्यात उतरले तेव्हा पाचला दहा कमी होते. तिथून मी पळत सुटले. चप्पल तुटली, ती हातात घेतली. ऑफिसच्या दारात पोचले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. आतल्या बाई टेबल आवरत होत्या. वाईट नव्हत्या त्या. म्हणाल्या, “तीनदा नाव पुकारलं गं तुझं. यादी वर गेली.” पुढच्या नंबराची मुलगी टेंभुर्णीची होती, ती सकाळपासून बापाबरोबर बाहेर बसून होती आणि पाच वाजता तिनं सही केली होती. ती सही मला बाईंनी दाखवली. निळी शाई, अजून ओली वाटत होती.

सहाच्या सुमाराला अण्णा आले. मी पायरीवर बसले होते, काय झालं ते त्यांना विचारावं लागलं नाही. तरी ते आत गेले. मी दारातून बघत होते. कुणापुढं मान न वाकवणारा माझा बाप, कोपरापर्यंत काळे हात जोडून त्या बाईंपुढं उभा होता. “म्याडम, गाडी बिघडली. पोरीचा काही कसूर न्हाई. तुम्ही म्हणाल तिथं अंगठा देतो.” त्यांना सही येत होती, चांगली वळणदार. अंगठा का म्हणाले कोण जाणे. बाई म्हणाल्या, “दादा, माझ्या हातात काही न्हाई हो.” अण्णांनी हात खाली घेतले, पण ते हललेच नाहीत. शेवटी मीच आत जाऊन त्यांच्या सदऱ्याला धरून बाहेर आणलं.

आम्ही परत निघालो. चाक आता मोकळं फिरत होतं, त्याचा आवाजही येत नव्हता. गावाच्या वळणावर अण्णा म्हणाले, “आबांना काही बोलायचं न्हाई.” आबा ओट्यावर वाटच बघत होते. त्यांनी माझ्याआधी गाडीचं विचारलं म्हणा ना, “चाक फिरलं का बराबर?” अण्णा म्हणाले, “फिरलं, आबा. लोण्यावानी फिरलं.” आबा खुलले. “आन हिचं?” अण्णा म्हणाले, “जागा भरल्या व्हत्या आधीच.” आबांनी त्या ऑफिसला दोन शिव्या हासडल्या आणि मला म्हणाले, “जाऊ दे माय, तू तर पोचलीस ना वक्तावर.” मी आत जाऊन तोंडावर ओढणी घेऊन पडले. मायनं ताट वाढलं, ते तसंच राहिलं.

सकाळी भांडी घासायला बाहेर आले तर आबा पिकअपच्या मागं उकिडवे बसलेले. हातात तेलाची बाटली, शेजारी कागदाची पुंगळी. मला बघून हसले. रात्री अण्णांनी चाकाचं एवढं कौतुक केलेलं, माणूस खुशीत होता. माझ्या हातातलं पातेलं खाली आपटलं आणि तोंडातून निघून गेलं, “आबा, त्या तेलानंच चाक धरलं! तुमच्या तेलानं माझी जागा गेली. मी पोचलेच न्हाई.” आबांनी हातातल्या बाटलीकडं बघितलं. तिचं बूच लावलं, ते लागेना, दोनदा लावलं. म्हणाले, “मंग रातीच सांगायचं व्हतं गं. म्या ह्या डाव्या चाकात बी घातलं की आत्ता.”

अण्णा तोंडात दातून घेऊन दारात उभे होते. ते जॅक आणायला गेले. आबा तिथंच मातीत बसले, ड्रम निघाल्यावर त्यांनी अण्णांच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि दुपारपर्यंत एकेक लायनर पुसत बसले. पेट्रोलनं त्यांच्या बोटांची कातडी पांढरी पडली होती. मी त्यांना थांबवलं नाही. ते म्हणाले, “पुना फारम भरता येतंय का?” मी म्हणाले, “पुढल्या साली.”

पुढच्या वर्षी फॉर्म भरला. यादी लागायच्या दिवशी आबा माझ्यासोबत आले, काही केल्या ऐकेनात. आदल्या दिवशीच आम्ही जालन्याला नात्यातल्या एका घरी मुक्कामाला गेलो आणि सकाळी ऑफिस उघडायच्या आधी दारात जाऊन बसलो. शिपायानं येऊन कुलूप काढलं तेव्हा आमच्यापुढं एकही माणूस नव्हता. यादी भिंतीवर लागली. मी ती वरून खाली वाचली, मंग खालून वर वाचली. त्या साली मार्कांची रेघ वर गेली होती, माझे तेवढे नव्हते. बाहेर आले तर आबा काठी टेकून उभे राहिले.

“न्हाई आबा. नाव न्हाई.”

“पर आपण वक्तावर आल्तो ना?”

“आल्तो.”

“मंग?” आबा म्हणाले.